दोरी जड झाली की

"झटका बसत नाही, दोरी नुसती जड होते," शेजारचे आजोबा म्हणाले. तोवर माझ्या गळावरची आमिषाची जळू फस्त झाली होती. तिसऱ्यांदा!

मिनेसोटातलं मिल लॅक्स सरोवर, सूर्य नुकताच बुडालेला. वॉलआय या माशाला अंधुक उजेडात छान दिसतं, म्हणून तो याच वेळी उथळ पाण्यात चरायला येतो. मला वाटायचं, मासा लागला की काठी वाकणार, आरडाओरडा होणार. इथे जिग (वजन लावलेला गळ) तळाला टेकवायची, वीतभर उचलायची आणि गप्प बसायचं. (मला गप्प बसवणं, बघा!)

पुन्हा जड. ओढली. शेवाळ.

मग एक आलाच. बॅटरीच्या उजेडात डोळे मांजरासारखे चमकले. ठेवायच्या मापात बसेना, सोडला.

आई व्हिडिओ कॉलवर विचारतेय, "कालवण केलंस का?" काय सांगू?