ऑपरेशन झालंय, मग निरोध कशाला?

सोलापूर जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात मी समुपदेशक म्हणून काम करते. एचआयव्हीच्या तपासणीसाठी आणि गुप्तरोगांच्या उपचारासाठी येणाऱ्यांशी बोलणे हे माझे रोजचे काम. पुढील हकिगतीतील माणसांची ओळख पटू नये एवढ्यापुरते तपशील मी बदलले आहेत.

ओटीपोटात दुखते आणि अंगावरून पांढरे जाते, ही तक्रार घेऊन एक बाई चार महिन्यांत तिसऱ्यांदा आल्या होत्या. वय तिशीच्या आत, दोन मुले, दुसऱ्या बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली. आधी दोन्ही वेळा त्यांना ओटीपोटाच्या संसर्गासाठीच्या पिवळ्या पाकिटातील १४ दिवसांची औषधे मिळाली होती, त्यांनी ती एकही दिवस न चुकवता घेतली होती, आणि तरीही दुखणे उलटले होते. 'मालकांना घेऊन या' असे मी दोन्ही वेळा सांगितले होते. पण मालक ट्रॅक्टरवर ऊसवाहतुकीला होते आणि पंधरवड्यातून एखादी रात्र घरी येत. आता हंगाम संपला होता आणि ते सोबत आले होते.

मी दोघांशी आधी वेगवेगळे बोलले. दार लावून घेतल्यावर मालकांनी खाली मान घालून सांगितले, की हंगामात बाहेर संबंध आला होता, त्यानंतर लघवीला जळजळ होऊन पू गेला होता, आणि मेडिकलमधून दोन गोळ्या घेतल्यावर तो थांबला होता. पू थांबला म्हणजे रोग गेला, असे त्यांनी धरले होते. निरोध वापरला होता का, असे विचारल्यावर त्यांनी शर्टाच्या खिशातून एक पाकीट काढून टेबलावर ठेवले. छपाई घासून पुसट झालेली, कडा मऊ पडलेल्या. ट्रॅक्टरच्या हत्यारांच्या पेटीत ते हंगामभर होते. सोबत खोबरेल तेल लावत असल्याचेही त्यांनी सांगितले. उन्हाने तापलेले रबर कमकुवत होते आणि तेलाने तर ते फाटण्याइतके नरम पडते, हे त्यांना आजवर कोणी सांगितले नव्हते. निरोध वापरणाऱ्या माणसालाही तो कसा ठेवावा आणि कसा वापरावा हे माहीत नसते, याचे मला आजही वाईट वाटते.

दोघांनाही औषधे पूर्ण घ्यावी लागतील, तोवर संबंध टाळावा लागेल आणि त्यानंतर तुमची तिसऱ्या महिन्याची एचआयव्ही तपासणी होईपर्यंत घरीही निरोध वापरावा लागेल, असे मी सांगितले, तेव्हा ते एकदम म्हणाले, "मॅडम, ते नाही जमायचं. ऑपरेशन झालेल्या बाईपुढं निरोध काढला, तर ती काय समजेल?"

त्या वाक्याने मी थांबले. निरोध फक्त मूल होऊ नये म्हणून असतो, असे एकदा मनात बसले की शस्त्रक्रियेनंतर घरात तो काढणे म्हणजे गुन्ह्याची कबुलीच ठरते. म्हणून माणूस तो काढत नाही आणि बायको पुन्हा पुन्हा आजारी पडते. या समजाला मीही हातभार लावला होता. सरकारने १९६८ मध्ये निरोध आणला तो कुटुंबनियोजनासाठीच, आणि महिलांच्या बैठकीत मीदेखील त्याचे नाव तांबी आणि माला-डीच्या ओळीतच घेत आले होते. या बाईंच्या पहिल्या भेटीत 'कुटुंबनियोजन झाले आहे' या रकान्यात खूण करून मी पुढच्या प्रश्नाकडे वळले होते. निरोधाचा विषय मी काढलाच नव्हता.

मग दोघांना एकत्र बसवले. मालकांनी मला एकट्याने जे सांगितले ते मी उघड करणार नव्हते. असा संसर्ग संबंधातून होतो आणि काही त्रास न देताही अंगात राहू शकतो, कोणाला कधी झाला हे तपासणीतून कळत नाही, आणि दोघांनी एकाच वेळी औषध घेतले नाही तर तो एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो, एवढे मी स्पष्ट सांगितले. बाईंनी नवऱ्याकडे बराच वेळ पाहिले. मग मला विचारले, "म्हणजे माझं ऑपरेशन वाया गेलं का, ताई?"

मी केसपेपरच्या मागच्या बाजूला गर्भाशयाचे चित्र काढले, दोन्ही बाजूंच्या नळ्या काढल्या आणि नळ्यांवर काट मारली. शस्त्रक्रियेने इथली वाट बंद होते, त्यामुळे बीज आणि शुक्राणू भेटत नाहीत. पण जंतू इथे, गर्भाशयाच्या तोंडाशीच वस्तीला येतात, त्यांना नळीपर्यंत जाण्याची गरज नसते. त्यांनी त्या काटेवर बोट ठेवले, मग खाली तोंडाशी आणले आणि म्हणाल्या, "हे उघडंच आहे की."

त्यांना पुन्हा पिवळे पाकीट मिळाले, मालकांना त्यांच्या संसर्गासाठीचे करड्या रंगाचे. दोघांची एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणीही झाली. ती निगेटिव्ह आली. "म्हणजे आता काही नको ना?" असे मालकांनी लगेच विचारले. संसर्ग झाल्यापासून साधारण तीन महिन्यांपर्यंत आमच्या चाचणीत एचआयव्ही दिसेलच असे नसते, म्हणून पुन्हा यावे लागेल, हे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतले.

ते आले, दोघेही. दुसरी तपासणीही निगेटिव्ह होती आणि बाईंचे दुखणे थांबले होते. निघताना त्या दारातून परत वळल्या. "ताई, ते चित्र पुन्हा काढून द्याल का? माझ्या जावेला तांबी बसवलीय."