इंदूरहून लेकीला घरी आणताना

मोठं मूल दत्तक घ्यायला परदेशातून भारतात निघालेल्या पालकांना माझं पहिलं सांगणं हे की, मुलाच्या गावात भरपूर दिवस मुक्काम करा. कागद हातात पडले की लगेच दिल्ली, व्हिसा आणि विमान, असा बेत आखू नका. आमची लेक ८ वर्षांची, इंदूरच्या एका दत्तक संस्थेत वाढलेली. आम्ही दोघं मराठी, पण आता न्यू जर्सीचे रहिवासी आणि अमेरिकन नागरिक. आम्ही भारताला कितीही आपलं म्हटलं तरी तिच्या दृष्टीने आम्ही लांबून आलेली अनोळखी माणसंच होतो, आणि इंदूर सोडणं म्हणजे तिच्यासाठी सगळंच सोडणं होतं.

कागदांबद्दल थोडक्यात. कारा म्हणजे भारत सरकारचं दत्तक प्राधिकरण. त्याची मान्यता असलेल्या अमेरिकेतल्या संस्थेकडून गृह अध्ययन अहवाल (तुमचं घर आणि कुटुंब पाहून केलेला), काराच्या केअरिंग्ज पोर्टलवर नोंदणी, मुलाची माहिती आल्यावर होकार, मग मुलाला अमेरिकेत नेण्यासाठी तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे आय-८०० अर्ज, काराचं ना हरकत प्रमाणपत्र आणि शेवटी जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश, असा हा क्रम आहे. तो बदलू नका. अमेरिकेत १ एप्रिल २००८ पासून परदेशी दत्तकाबद्दलचा हेग करार लागू आहे आणि भारतही त्यात आहे, त्यामुळे आय-८०० ला तात्पुरती मंजुरी मिळण्याआधी दत्तकविधान उरकलं तर पुढे व्हिसा अडतो. हा अर्ज करायला पालकांपैकी किमान एक जण अमेरिकन नागरिक लागतो. दोघांकडे फक्त ग्रीन कार्ड असेल तर हा मार्ग नाही, हे सुरुवातीलाच पाहून घ्या. आणि वय वाढलं म्हणून कचरत असाल तर थोडं थांबा. ४ ते ८ वर्षांच्या मुलासाठी दोघांच्या वयाची बेरीज १०० पर्यंत चालते, त्यापुढच्या मुलासाठी ११० पर्यंत. मोठी मुलं घर मिळण्याची वाट बघत असतात आणि आपण मात्र वयाच्या आकड्याला घाबरून तान्ह्या बाळांच्या लांबलचक रांगेकडे बघत बसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

५ वर्षांवरच्या मुलाला दत्तक देताना त्याची संमती घेतात. सुनावणी बंद दाराआड होते. तिथे अधिकाऱ्यांनी लेकीला अगदी मायेने विचारलं, तुला यांच्याबरोबर जायचंय का? तिने मान हलवली आणि उलट विचारलं, "वहाँ स्कूल में मेरा नाम कौन-सा रहेगा?" इतकी वर्षं जे नाव तिचं होतं तेच राहील, हे ऐकल्यावर ती पहिल्यांदा खुर्चीत नीट मागे टेकून बसली. मुलाचं नाव बदलू नका. आणि जन्मदाखल्याचा अर्ज जाण्याआधी नावाचं इंग्रजी स्पेलिंग पक्कं करा, कारण पासपोर्ट आणि व्हिसा दोन्ही त्यावरूनच निघतात.

इंदुरात हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेला फ्लॅट घ्या. आम्ही पलासिया भागात घेतला होता. पहिले काही दिवस आम्हीच संस्थेत जाऊन बसायचो, मग संध्याकाळी तिला फिरायला न्यायचो आणि त्यानंतरच ती रात्री मुक्कामाला आली. सकाळी पोहे-जिलेबी, दुपारी प्राणिसंग्रहालय, एवढं पुष्कळ झालं. सराफा या रात्रीच्या खाऊबाजारातली गर्दी टाळा, नव्या आईवडिलांबरोबरच्या पहिल्या दिवसांत तो गोंगाट मुलाला झेपत नाही. न्हाणीघरात बादली-मग हवाच. डोक्यावर एकदम शॉवर सुरू झाला की ही मुलं घाबरू शकतात. लेक फ्रिजसमोर हात मागे बांधून उभी राहायची आणि "पानी पी लूँ?" असं दर वेळी विचारायची. "विचारू नकोस" असं सांगून फरक पडला नाही. मग तिच्या हाताला येईल अशा खालच्या फळीवर तिची बाटली आणि डब्यात थोडे शेंगदाणे ठेवायला लागलो. हळूहळू ती न विचारता घ्यायला लागली.

संस्थेतल्या मावशींशी ओळख वाढवा, हे मी पासपोर्टइतकंच महत्त्वाचं मानते. आमच्या लेकीच्या मावशींनी मला तिच्या पाठीमागे बसवलं, माझ्या बोटांवर तेल ओतलं आणि भांग कुठून पाडायचा, वेणी कानाच्या किती वर बांधायची, हे हाताला धरून शिकवलं. त्याच तेलाच्या बाटल्या आम्ही बरोबर आणल्या. ती आजारी पडली की काय खाते, कुठल्या आवाजाला दचकते, कोणाशी तिची गट्टी आहे, हे कुठल्याच अहवालात नव्हतं. मावशींना तोंडपाठ होतं. निरोप लपूनछपून घेऊ नका. रडणं होईल, होऊ द्या. संस्थेला विचारून सगळ्या मुलांना जेवण द्या. मात्र तिथल्या इतर मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका, कायद्यानेच मनाई आहे.

निघताना शाळा सोडल्याचा दाखला, लसीकरणाचं कार्ड, मुलाचे जुने फोटो आणि चित्रांच्या वह्या आठवणीने मागून घ्या. दाखला अमेरिकेतल्या शाळेत उपयोगी पडतो.

दिल्लीत व्हिसासाठी अमेरिकन दूतावासाचं काम चाणक्यपुरीत. त्याआधी मान्यताप्राप्त डॉक्टरांकडे तपासणी होते. २ वर्षांवरच्या मुलाची क्षयरोगासाठी रक्ततपासणी करतात आणि अहवालाला काही दिवस लागतात. पुढे एक्स-रेमध्ये शंका आली तर थुंकीच्या कल्चरला (जंतू वाढवून बघायच्या तपासणीला) ८ आठवडे जाऊ शकतात. म्हणून परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा आणि ऑफिसमधून रजा जास्तीची मागा. १० वर्षांपर्यंतच्या दत्तक मुलाला तिथल्या तिथे सगळ्या लशी टोचून घ्याव्या लागत नाहीत. अमेरिकेत पोहोचल्यावर ३० दिवसांत लसीकरण सुरू करू, असं प्रतिज्ञापत्र दिलं की चालतं. दिल्लीत लेक गप्प गप्प झाली, पोट दुखतं म्हणायला लागली. आम्ही लाल किल्ला, कुतुबमिनार सगळं सोडून दिलं आणि खोलीत पत्ते खेळत बसलो.

दूतावासाने बंद पाकीट दिलं तर ते न फोडता हातातल्या बॅगेत ठेवा. न्यू जर्सीतल्या नेवार्क विमानतळावर उतरल्यावर वेगळ्या खोलीत बसवतात, तिथे वेळ जातो. मुलासाठी खाऊ जवळ असू द्या. आयएच-३ या भारतात दत्तकविधान पूर्ण झालेल्या मुलांच्या व्हिसावर आलेलं १८ वर्षांखालचं मूल आपल्या अमेरिकन आईवडिलांबरोबर राहायला दाखल झालं की नागरिक होतं, आणि नागरिकत्वाचं प्रमाणपत्र वेगळा अर्ज न करता टपालाने घरी येतं. पत्ता बदलणार असाल तर आधी कळवा.

त्यानंतर २ वर्षं पाठपुरावा अहवाल असतात, पहिल्या वर्षी दर ३ महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर ६ महिन्यांनी. समाजसेविकेच्या तारखा भारतात निघण्याआधीच घेऊन ठेवा. शाळेची घाई करू नका. आम्ही आधी काही आठवडे तिला घरीच ठेवलं. घरी हिंदी चालू ठेवली आहे. मराठी ती आजीशी फोनवर बोलता बोलता आपसूक उचलतेय, आणि रविवारी सकाळी, म्हणजे इंदूरच्या संध्याकाळी, मावशींना व्हिडिओ कॉल ठरलेला आहे.