पट्टी पिवळी राहिली की दिवस चांगला

मुलगा तेव्हा चार वर्षांचा. सकाळी उठला की पापण्या सुजलेल्या, संध्याकाळपर्यंत सूज उतरलेली. ॲलर्जी असेल म्हणून आठ दिवस डोळ्यांत थेंब घालत बसले. मग एकदा मोजा काढला तर रबराचा खोल वळ, आणि तो काही केल्या भरून येईना. लघवीला फेस येतोय, हेही तेव्हाच नीट पाहिलं.

लघवीत प्रथिनं ४+, रक्तात अल्ब्युमिन (हेही एक प्रथिन) फक्त १.८, कोलेस्टेरॉल चारशेच्या वर. नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे किडनीच्या गाळणीतून प्रथिनं लघवीत गळून जाणं. 'किडनी' ऐकताच मी मनाने थेट डायलिसिसपर्यंत पोचले होते. डॉक्टरांनी कागदावर गाळणी काढून दाखवली. या वयात बहुतेक वेळा 'मिनिमल चेंज' प्रकार असतो. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली किडनी जवळपास नॉर्मलच दिसते, बिघाड इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली कळतो.

"मग बायोप्सी?"

"आत्ता नको. आधी स्टेरॉइडला दाद देतो का बघू."

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सहा आठवडे रोज, पुढचे सहा आठवडे डोस कमी करून एक दिवसाआड. आणि रोज सकाळची पहिली लघवी घरीच तपासायची. पट्टी बुडवायची, मिनिटभर थांबायचं, डबीवरच्या रंगांशी ताडून पाहायचं. पिवळी म्हणजे प्रथिनं नाहीत, हिरवी होत गेली की वाढलेली. ते एक मिनिट फार लांब असायचं. अकराव्या दिवशी पट्टी पिवळी राहिली तरी मी खिडकीशी नेऊन दोनदा बघितली. सलग तीन दिवस तशीच राहिली, तेव्हा डॉक्टर 'रेमिशन' म्हणाले, म्हणजे आजार सध्या शांत.

स्टेरॉइडने चेहरा गोल झाला, रात्री दोनला भूक लागायची, चिडचिड तर विचारू नका. "एवढ्याशा पोराला स्टेरॉइड? बंद करा," असं सांगणारे पुष्कळ भेटले. अचानक बंद करणं किती धोक्याचं, हे त्यांना कोण समजावणार? लसींचंही डॉक्टरांना विचारूनच. जास्त डोस चालू असताना जिवंत लस (दुबळे केलेले जिवंत जंतू असलेली) देत नाहीत.

चार महिन्यांनी साधी सर्दी झाली आणि पट्टी पुन्हा हिरवी. सलग तीन दिवस ३+ म्हणजे रिलॅप्स, आजार उलटला. पहिल्या वेळेपेक्षा जास्त रडले, खरं सांगते. आजार गेला असंच धरून चालले होते. यावेळी मात्र सूज यायच्या आत औषध सुरू झालं.

आता तो सात वर्षांचा आहे. पट्टी स्वतःच बुडवतो, मोठ्याने साठ आकडे मोजतो आणि वहीत लिहितो: 'निल'.