चुकीच्या उत्तरांची वही

52 मधून 27 वजा करायला सांगितले आणि लेकरानं पाटीवर 35 लिहिलं, तर फुली मारून पुढं जाऊ नये. या 35 ला दोन वाटा आहेत. एक लेकरू 2 मधून 7 जात नाहीत म्हणून उलट 7 मधून 2 काढतं. दुसरं हातचा बरोबर घेतं, 12 मधून 7 काढतं, पण दशकाच्या घरातले 5 तसेच ठेवतं. पहिल्याला दशक सुटा करता येतो हेच उमगलेलं नाही. दुसऱ्याला ते उमगलंय, त्याची नुसती नोंद राहिली. दोघांना तेच गणित पुन्हा पाच वेळा लिहायला लावलं तर दोघांचाही वेळ जातो.

इथं गणित निवडणारा शिक्षकच फसतो. एककांतला फरक 5 असला (2 आणि 7, 3 आणि 8, 1 आणि 6) की दोन्ही चुकांचं उत्तर सारखंच येतं. त्याऐवजी 61 वजा 24 द्या. उलटं काढणारा 43 लिहील, दशक कमी न करणारा 47. बरोबर उत्तर 37. फळ्यावर गणित लिहिण्याआधी अशी संभाव्य चुकीची उत्तरं पाठाच्या टाचणात लिहून ठेवणं हीच मला शिक्षकाची खरी तयारी वाटते.

यासाठी एक साधी दोनशेपानी वही पुरते. तारीख, गणित, चुकलेलं उत्तर आणि लेकराच्याच शब्दांत त्याची रीत. “कसं केलंस, सांग बरं,” एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. आपण फक्त चुकलेल्यालाच विचारतो, हे लेकरं लगेच ओळखतात आणि तोंड उघडायच्या आत पाटी पुसतात. म्हणून बरोबर उत्तरवाल्यालाही तितकंच विचारावं.

उपायाला आपल्याकडं तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या, आहेतच. बोटाएवढे तुकडे करून टोकं घासून घ्यावीत, नाहीतर कुसळं लागतात. चार जणांच्या गटाला दहादहाचे 9 गठ्ठे आणि 20 सुट्या काड्या द्या. उलटं काढणाऱ्या लेकराला गठ्ठ्याचं रबर स्वतःच्या हातानं सोडू द्यावं. दशक कमी न करणाऱ्याला प्रत्येक वेळी उरलेले गठ्ठे मोजून दशकाच्या डोक्यावर आकडा लिहायला लावावा; त्याला काड्या फार दिवस लागत नाहीत.

शून्य आलं की मात्र पुन्हा सगळ्यांना काड्यांकडं यावं लागतं. 302 वजा 148 चं उत्तर 154. 164 आलं तर लेकरानं शेकडा सुटा करून 10 दशक केले, त्यातला एक एककाला दिला, पण दशकात 9 उरले हे धरलं नाही. 246 आलं तर तो उलटं काढणारा पहिलाच प्रकार. इथं दहा गठ्ठ्यांचा एक मोठा गठ्ठा डोळ्यांसमोर सुटलाच पाहिजे, तोंडी सांगून भागत नाही.

बीड, धाराशिवकडं दिवाळीच्या सुमारास कितीतरी लेकरं आईबापासोबत ऊसतोडीला जातात. ती परतल्यावर “सगळं विसरलं” असं म्हणून पहिलीच्या अंकांपासून सुरुवात करणं अन्यायाचं आहे. आधी तोंडी विचारा: पन्नासची नोट दिली, सामान 27 रुपयांचं झालं, परत किती? तोंडी 23 सांगणारं लेकरू पाटीवर 37 लिहीत असेल, तर त्याचं अडलंय ते मांडणीत. त्याला 50 वजा 27 हेच गणित नाण्यांनी मांडायला द्यावं, दहाचं एक नाणं मोडून रुपये घ्यायला लावावेत आणि आठ दिवसांनी बिनहातच्याच्या गणितांत मिसळून पुन्हा तपासावं, कारण सगळीच गणितं हातच्याची असली की लेकरू न बघताच हातचा घेतं.