व्होल्टाच्या गावात आप्पांची बॅटरी

आमच्या गावाकडं बॅटरी म्हणजे टॉर्च. आत घालतात ते सेल. मिलानला आमच्याकडं येतानाही आप्पांनी उशाची बॅटरी बॅगेत टाकली होतीच. "इथं लाईट जात नाहीत, आप्पा," मी म्हटलं. "न जाऊ देत. असू दे जवळ."

अशा माणसाला कोमोला न न्यायचं म्हणजे पापच. मिलानहून रेल्वेनं पाऊण तासाच्या आत. बायको-पोरं होडीत बसायला गेली. तळं देखणं आहे, फोटोत दिसतं तसंच. आम्ही दोघं काठावरच्या घुमटाच्या इमारतीकडं वळलो. टेंपियो व्होल्टियानो. टेंपियो म्हणजे देऊळ, असं सांगताच आप्पा बुटांच्या नाड्या सोडायला वाकले. कसंबसं आवरलं.

विजेची पहिली बॅटरी, म्हणजे सेल, बनवणारा आलेस्सांद्रो व्होल्टा याच गावचा, जन्म १७४५चा. तो गेला १८२७ मध्ये. शंभर वर्षांनी एका सूतगिरणीवाल्यानं पदरच्या पैशानं हे स्मारक बांधून दिलं. आत काचेच्या कपाटांत व्होल्टाची उपकरणं. त्यातली बरीचशी मात्र नंतर घडवलेली. १८९९ मध्ये व्होल्टाच्या सन्मानार्थ भरलेल्या प्रदर्शनालाच आग लागली आणि अस्सल वस्तू गेल्या. शॉर्ट सर्किट झालं म्हणतात. घ्या!

आप्पा एका कपाटापाशी थांबले. "ही काय भाकऱ्यांची चवड?"

चवडच ती. जस्ताची चकती, त्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, त्यावर तांब्याची किंवा चांदीची चकती, पुन्हा जस्त, पुन्हा पुठ्ठा. खालच्या-वरच्या टोकाला ओल्या हातांनी शिवलं की झटका. चकत्या वाढवल्या की झटका वाढतो. वजनानं पुठ्ठ्यातलं पाणी पिळून निघायचं, ही त्यातली कटकट. २० मार्च १८०० रोजी व्होल्टानं कोमोहून लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून हे कळवलं. तोवर वीज म्हणजे क्षणाची ठिणगी. सलग वाहणारी वीज माणसाच्या हाताशी आली ती इथून.

आणि हे सगळं बेडकापायी. बोलोन्याच्या गॅल्व्हानी नावाच्या शास्त्रज्ञानं मेलेल्या बेडकाचे पाय दोन धातूंनी शिवून उडवले आणि वीज प्राण्याच्या अंगात असते, असं ठरवलं. व्होल्टा म्हणाला, छे, ती दोन धातूंच्या स्पर्शातून येते. बेडकाऐवजी त्यानं स्वतःची जीभ वापरली, दोन धातूंमध्ये. आंबूस चव आली. गंमत म्हणजे पुरतं बरोबर त्याचंही नव्हतं. वीज येते ती रासायनिक क्रियेतून. जस्त झिजतं, तेव्हा. आपल्या साध्या सेलचं बाहेरचं डबडंही जस्ताचंच, म्हणून जुना सेल पाझरतो.

"आम्ही पण चाटायचो," आप्पा म्हणाले. "चव आली की समजायचं, सेलात जीव आहे."

बाहेर पडताना मी सांगितलं, की इटालियनमध्ये चवडीला 'पिला' म्हणतात, सेललाही पिलाच आणि टॉर्चलाही. आप्पा खूश. "म्हणजे हे लोकपण टॉर्चला बॅटरीच म्हणतात की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गेलो, तर खिडकीत ऊन आलं होतं आणि पोरांच्या दुधाच्या कपांशेजारी दोन सेल तापत ठेवले होते.