पायातला काळा दोरा

आजी नातवाला घेऊन आली ती मलमासाठी. मांडीची साल निघत होती, तेवढीच तिची तक्रार. पोराच्या अंगावर सूज आहे हे तिच्या गावीही नव्हतं. उलट वर आलेले गाल आणि भरलेले पाय बघून ती खूश होती. "दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलो तेव्हा निस्ती काडी होता. आता बघा."

मी बघितलं. वीस महिन्यांचा मुलगा, वजन ७ किलो २०० ग्रॅम. केस तांबूस, विरळ. धड रडतही नव्हता, नुसता किरकिरत होता. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून धरला आणि उचलला, तर खळगा तसाच राहिला. डाव्या घोट्यात नजर लागू नये म्हणून बांधलेला काळा दोरा होता, पण तो मांसात इतका रुतलेला की वरून दिसेचना. सिस्टर कात्री घेऊन आल्या तशी आजीने पाय पोटाशी ओढला. बोटं गरम होती, रंग ठीक होता, म्हणून डॉक्टर म्हणाले, राहू दे.

आमचं पोषण पुनर्वसन केंद्र म्हणजे ग्रामीण रुग्णालयातली दहा खाटांची एक खोली. मी तिथली आहारतज्ज्ञ. भट्टीवर हा मुलगा काय खायचा, हे विचारल्यावर उत्तर आलं: भात, वर मिठाचं पाणी, सकाळी चहात बुडवलेलं बिस्किट. आईचं दूध सुटलं होतं, कारण धाकटं जन्मलं. या सुजेच्या कुपोषणाला क्वाशिऑरकॉर म्हणतात. १९३० च्या दशकात डॉ. सिसिली विल्यम्स यांनी घानात हा आजार नोंदवला तेव्हा तिथल्या गा भाषेतला शब्दच त्यांनी उचलला. अर्थ साधारण असा, की धाकटं आल्यावर थोरल्याला होणारा आजार. आमच्या आजीला हा शब्द माहीत असायचं कारण नाही, पण अर्थ तिच्या घरात घडला होता.

रक्तातली साखर तपासली, ४८. ५४ च्या खाली म्हणजे धोका, म्हणून आधी ५० मिली साखरपाणी. मग दूध. दूध कसलं म्हणा, १०० मिलीमध्ये दूध फक्त ३०, बाकी पाणी, ९ ग्रॅम साखर आणि २ ग्रॅम तेल. त्यात ऊर्जा ७५ कॅलरी आणि प्रथिनं एक ग्रॅमही नाहीत. हे दर दोन तासांनी ६० मिली, रात्रीसुद्धा.

आजीच्या पदराला अंगणवाडीतलं उकडलेलं अंडं बांधलेलं होतं. ते मी काढून घेतलं तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच चोर. तिचंही चूक नव्हतं. प्रथिनं कमी पडलीत तर प्रथिनं द्या, असं मलाही नोकरीच्या सुरुवातीला वाटायचं. पण उपासमारीत शरीर आधी यकृतातली साठवलेली साखर संपवतं, मग चरबी, मग स्वतःचेच स्नायू. शेवटी कामंच कमी करतं. पेशींतून सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलणारे पंप मंदावतात, यकृत थकतं. अशा यकृतावर अंडी, डाळ, दूध यांचा मारा केला तर ते पेलत नाही. एकदम भरपेट खायला घातलं तर इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींत ओढलं जातं आणि हृदय बंद पडू शकतं. लोहाचं औषधही सुरुवातीला बंद. मीठ तर नाहीच, कारण अंगात सोडियम आधीच साठलेलं असतं.

हे आजीला सांगायचं कसं? मी चुलीचा दाखला दिला. विझत आलेल्या चुलीत मोठं ओंडकं घातलं तर? आधी काटक्याच लागतात ना? आजी म्हणाली, "पोर काय चूल हाय?" माझा सगळा अभ्यास तिथेच आटोपला.

पाचव्या दिवशी सकाळी काटा ६ किलो २०० वर थांबला. आजीला वाचता येत नव्हतं, पण शेजारच्या खाटेवरच्या बाईने आकडा सांगितला. एक किलो घटलं! आजीने गोधडी गुंडाळायला घेतली. "भट्टीवर भरला होता, तुम्ही उपाशी ठेवून वाळवला. नेते मी याला." खोलीतल्या बाकीच्या आया आमच्याकडे बघायला लागल्या. खरं सांगते, मला घाम फुटला. घटलेलं वजन म्हणजे अंगातलं पाणी, हे मी तीनदा सांगितलं, दर वेळी आवाज थोडा चढवून. उपयोग शून्य.

पोराने मात्र त्या सकाळी वाटी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. संपल्यावरही सोडेना.

आजीने त्याला झोळीत घालायला पाय धरला आणि थांबली. काळा दोरा घोट्यावरून घसरून टाचेवर आला होता. तिने तो वर सरकवला. परत खाली आला. बोट घालून बघितलं, बोट सहज फिरलं. मग न बोलता तिने अंगठा पोराच्या पावलावर दाबला, मी पहिल्या दिवशी दाबला होता तसाच, आणि उचलून बघत बसली.

आठव्या दिवशी वजन ५ किलो ६०० वर टेकलं आणि तिथून चढायला लागलं. तोवर वाटीत जास्त प्रथिनांचं घट्ट दूध सुरू झालं होतं. दोरा आजीने स्वतःच सोडला आणि घडी मारून परत बांधला. मला विचारत होती, "ते अंडं ठेवलंय का टाकलं?"