वीस वर्षं झाली, आता काय होणार?

"वकीलबाई, फौजेतून घरी पाठवलं त्याला वीस वर्षं होत आली. आता पेन्शनचं काही होतं का?" लग्नाच्या पंगतीत, एसटीत, बाजारात भाजी घेताना, कुठंही हा प्रश्न मला गाठतो. सातारा जिल्ह्यात वकिली करायची आणि माजी सैनिकांच्या केसेस घ्यायच्या म्हटल्यावर दुसरं काय होणार! तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगते.

मी आधी उलटा प्रश्न विचारते. डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौज सोडताना मिळालेल्या पुस्तकात, घरी पाठवण्याचं कारण काय लिहिलंय? समोरचा गप्प होतो. पुस्तक ट्रंकेत जपून ठेवलेलं असतं, पदकांवर धूळ नसते, पण ती एक ओळ घरात कुणी वाचलेली नसते. ती इंग्रजीत असते. शिवाय सही केली त्या दिवशी रिझर्व्हेशनचा डबा कुठला, हीच चिंता जास्त होती. सगळी केस मात्र त्या ओळीवर उभी राहते.

मेडिकल बोर्डानं, म्हणजे सैन्याच्या डॉक्टरांच्या मंडळानं, आजारासाठी बाहेर काढलं असेल तर रस्ता बराच मोकळा आहे. बोर्डाच्या कागदावर बहुतेकदा एक ठरलेलं वाक्य असतं: आजार नोकरीमुळे झालेला नाही, नोकरीमुळे वाढलेलाही नाही. त्या वाक्यावर अपंगत्वाची पेन्शन नाकारली जाते, आणि माणूस आयुष्यभर 'आपल्याच नशिबाचा दोष' म्हणत बसतो. धरमवीर सिंह या सिग्नल्सच्या, म्हणजे सैन्याच्या संदेशवहन विभागातल्या, जवानाचंही तसंच झालं होतं. १९८५ ला भरती, १९९४ मध्ये फिटचा आजार म्हणून घरी, अपंगत्व २० टक्के, पेन्शन शून्य. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. न्यायालयाचं म्हणणं आपल्या गावातल्या कुठल्याही म्हातारीला पटेल असं आहे. भरतीच्या वेळी तुमच्याच डॉक्टरांनी पोराला डोक्यापासून पायापर्यंत तपासलं, छाती मोजली, धडधाकट म्हणून घेतलं. तेव्हा कागदावर आजाराची नोंद नव्हती ना? मग आजार नोकरीतच जडला असं धरायचं. तसं नसेल तर का नाही, हे सैन्यानं दाखवायचं, तेही कारणं देऊन. जवानानं काही सिद्ध करत बसायचं नाही.

आकडेही समजून घ्या. बोर्डानं २० टक्के अपंगत्व लिहिलं आणि पेन्शन मंजूर झाली, तर हिशेब ५० टक्क्यांनी होतो. ५० ते ७५ मध्ये असेल तर ७५, त्यापुढे १००. पूर्वी हा फायदा फक्त बोर्ड आऊट झालेल्यांना, म्हणजे बोर्डानं मुदतीआधीच घरी पाठवलेल्यांना, मिळायचा. राम अवतार यांच्या प्रकरणातल्या डिसेंबर २०१४ च्या निकालानंतर मुदत पूर्ण करून अपंगत्व घेऊन आलेल्यांनाही तो लागू झाला. आमच्याकडं कितीतरी हवालदार अजून जुन्याच टक्क्यांवर पेन्शन घेतात.

डिस्चार्ज बुकातलं दुसऱ्या तऱ्हेचं कारण असतं लाल शाईचं. मोठ्या शिक्षेची नोंद कंडक्ट शीटवर, म्हणजे जवानाच्या वर्तणुकीच्या कागदावर, लाल शाईनं होते. रजेवरून उशिरा परतलं, दारू पिऊन सापडलं, अशा चार नोंदी झाल्या की 'आता सेवेची गरज नाही' म्हणून घरी पाठवायचं, अशी पलटणीत पक्की समजूत. ती चुकीची आहे. खुद्द सैन्य मुख्यालयाचं १९८८ चं पत्र सांगतं की चार नोंदी झाल्या म्हणून काढलंच पाहिजे असं नाही. चौकशी करा, कारणे दाखवा नोटीस द्या, माणूस किती वर्षं आणि कुठल्या अवघड भागात राबला ते बघा, पेन्शनला थोडंच राहिलं असेल तर विचार करा. २०१५ मध्ये वीरेंद्र कुमार दुबे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच उचलून धरलं, आणि मागचा पगार न देता पेन्शनपुरती नोकरी पूर्ण झाली असं धरायला लावलं. जवानाची पेन्शन १५ वर्षांवर असते. बाराव्या-तेराव्या वर्षी चौथी नोंद झालेल्याला हा निकाल काय वाटेल, मी सांगायला नको. कोर्ट मार्शलनं बडतर्फ केलेल्यांचं प्रकरण वेगळं आणि अवघड, त्यांना मी खोटी आशा दाखवत नाही.

माझा अमेरिकेतला भाचा म्हणतो, तिकडे डिस्चार्जला दर्जे असतात, सन्मानाचा, त्याखालचा वगैरे, आणि १५ वर्षांच्या आत अर्ज केला तर दर्जा वाढवून देणारं मंडळच असतं. आपल्याकडे असं मंडळ नाही. आधी रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांचे नोकरीचे कागद सांभाळणाऱ्या सैन्याच्या कार्यालयाला अर्ज, मग अपील, आणि तिथं नकार आला की सशस्त्र दल न्यायाधिकरण, म्हणजे फौजेतल्या नोकरीच्या तक्रारींचं कोर्ट. त्याचा कायदा २००७ चा, काम सुरू झालं २००९ मध्ये. महाराष्ट्र, गोवा, गुजरात यांना मुंबईचं खंडपीठ.

आता वीस वर्षांचं. न्यायाधिकरणात जायची कागदोपत्री मुदत सहा महिन्यांची. पण पेन्शन दर महिन्याची असते, म्हणून ती नाकारणं हा दर महिन्याला नव्यानं होणारा अन्याय, असं सर्वोच्च न्यायालयात तरसेम सिंह प्रकरणात २००८ मध्ये ठरलं. दावा चालतो, मागची थकबाकी मात्र साधारण तीनच वर्षांची मिळते. घरी पाठवण्यालाच आव्हान द्यायचं असेल, तर उशिराचं पटेल असं कारण द्यावं लागतं. ते प्रत्येकाला जमत नाही.

कायद्यापेक्षा मला भीती रद्दीची वाटते. पेन्शन नसलेल्या जवानाचे कागद रेकॉर्ड ऑफिस साधारण २५ वर्षं ठेवतं, मग नष्ट करतं. राहतो तो लाँग रोल, म्हणजे जवानांची नोंदवही, त्यात नाव-गाव-तारखांपलीकडं फारसं काही नसतं. मेडिकल बोर्डाची कार्यवाही गेली की वकील भांडणार कशावर? म्हणून वीस वर्षं झालेल्याला मी पहिल्यांदा माहिती अधिकाराचा अर्ज टाकायला लावते. बोर्डाची कार्यवाही, कंडक्ट शीट, डिस्चार्जचा आदेश, सगळ्याच्या प्रती मागायच्या. वकील नंतर बघा. मीसुद्धा नंतरच.

बायकांच्या नावांचा घोळ आणखी निराळा. माहेरची शेवंता लग्नात सुनंदा झाली. नवऱ्यानं पलटणीत एक नाव लिहवलं, आधारवर दुसरं, आणि जन्मतारीख शाळेच्या कृपेनं एक जून. नवरा हयात आहे तोवर त्याच्या अर्जावर दुरुस्ती होते: रेकॉर्ड ऑफिस पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंद बदलल्याचा आदेश काढतं, मग पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश बदलतो. तो गेल्यावर त्याच कामाला प्रतिज्ञापत्रं, दाखले, साक्षीदार, आणि तोवर कौटुंबिक पेन्शन अडकलेली. पतीपत्नी दोघं बसून हे कागद आजच ताडून बघा, असं मी प्रत्येक मेळाव्यात सांगते. टाळ्या पडतात. कागद कोणी बघत नाही.

शेवटचं, पैशांचं. "थकबाकी मिळाली की तिसरा हिस्सा द्या" असं कुणी वकील म्हणाला तर उठून या. निकालावर हिस्सा ठरवणं आम्हा वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, त्यात विधवाही आल्या. अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातच घेतात. आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाताना डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स नको, मूळ पुस्तक घेऊन जा. झेरॉक्समध्ये ती ओळ निम्म्या वेळा पुसटच येते.